भुवईवरचा लाल डाग आणि काचबिंदूचे थेंब

'डॉक्टरताई, नमस्कार. माझी मुलगी आज नऊ आठवड्यांची आहे. ३५ आठवडे भरले आणि लगेच झाली, वजन १ किलो ९०० ग्रॅम. आता ३ किलो ४०० भरलंय. जन्मली तेव्हा अंगावर काही नव्हतं. बारशाच्या दिवशी डाव्या भुवईच्या वर फिकट लालसर ठिपका दिसला. सगळे म्हणाले, डास चावला असेल. आता तो माझ्या करंगळीच्या नखाएवढा झालाय, लालभडक, हाताला जरासा उंच लागतो. इथल्या बालरोगतज्ज्ञांनी थेंब लिहून दिले, सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब डागावर लावा म्हणाले. मेडिकलवाला म्हणाला, हे तर काचबिंदूचं औषध, डोळ्यात घालायचं. मी घाबरून बाटली उघडलीच नाही, दहा दिवस ती कपाटात आहे. शेजारच्या काकू म्हणतात, आपोआप जातं. सासूबाई म्हणतात, ग्रहणाचा डाग आहे. ग्रहणाच्या दिवशी माझ्या हातून विळीवर भाजी चिरली गेली होती, हे खरं आहे. सासूबाई मनाने वाईट नाहीत, पण रोज एकदा तरी तो विषय निघतो. मालीशवाल्या बाई म्हणतात, बिब्ब्याचा ठिपका दिला की जळून जाईल. माझ्या जावेच्या मुलाला जन्मापासून गालावर जांभळट डाग आहे. थेंब चालत असतील तर त्यालाही लावता येतील का? मी काय करू?'
– एक आई, बार्शी तालुका

बिब्बा अजिबात नको. बाकीचं सावकाश बोलू, पण एवढं आजच घरात सांगा. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. मोठ्या माणसाच्या राठ टाचेवरही त्याने फोड येतात. नऊ आठवड्यांच्या मुलीच्या भुवईवर, डोळ्यापासून बोटभर अंतरावर तो लावला, तर जो डाग पुढे फिका पडण्याची चांगली शक्यता आहे तिथे जन्मभराचा व्रण राहील. चुना, तुरटी, तापवलेली सुई, सगळ्यांना हेच उत्तर. मालीशवाल्या बाईंवर मात्र रागावू नका. त्यांचा हात रोज बाळावर फिरतो आणि पुढे मला त्यांच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे.

आता डागाविषयी. जन्माच्या वेळी काही नाही, दुसऱ्या आठवड्यात फिकट ठिपका, मग बघता बघता लालभडक आणि उंच. ही चाल हिमँजिओमाची. तुमच्या डॉक्टरांनी बाळाला हात लावून पाहिलंय आणि दिलेलं औषधही त्याचंच आहे, म्हणून मीही त्याच नावाने बोलते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी एका जागी भराभर वाढतात, त्याची ही गाठ. हा कॅन्सर नव्हे. शंभरातल्या चार-पाच बाळांना तो होतो. मुलींना जास्त, दिवस भरायच्या आत जन्मलेल्यांना जास्त, कमी वजनाच्या बाळांना जास्त. तुमच्या मुलीत या तिन्ही गोष्टी आहेत.

त्याची वाढ सारख्या वेगाने होत नाही. सगळ्यात जोर असतो पाचव्या ते सातव्या आठवड्यात. पाच महिन्यांपर्यंत बहुतेक डाग वाढायचे तेवढे वाढून घेतात. मग काही महिने तसेच राहतात, वर्षाच्या आसपास मधोमध राखाडी पडायला लागतात आणि हळूहळू बसतात. चार वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलांमध्ये हे बसणं पूर्ण झालेलं असतं.

ग्रहणाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. विळी धरली तेव्हा बाळ पोटात होतं, आणि जन्मल्यावर अंग स्वच्छ होतं, असं तुम्हीच लिहिलंय. डाग आला तो बारशाला. पोटात असताना चिरलेल्या भाजीची खूण जन्मल्यावर बाराव्या दिवशी कशी उमटेल? २००० साली संशोधकांना या गाठींच्या पेशींवर एक प्रथिन सापडलं, ग्लूट-१. ते साध्या कातडीतल्या रक्तवाहिन्यांवर नसतं, पण वारेच्या रक्तवाहिन्यांवर असतं. म्हणजे या पेशींचं नातं काहीसं वारेशी दिसतं. वारेच्या तक्रारी, जुळी बाळं, अपुरे दिवस, कमी वजन यांच्याशी हा डाग जोडलेला आढळतो. या यादीत विळी नाही आणि ग्रहणही नाही.

सासूबाईंना माझ्या वतीने एवढंच सांगा: आजी, तुमच्या सुनेने हा डाग आणलेला नाही. तिला दोन-दोन तासांनी उठून अंगावर पाजायचं आहे, त्यात हा अपराध मनात घेऊन ती बसली तर तिची झोप जाते. नातीची काळजी तुम्हालाही आहे, ती मला या पत्रातही दिसते. ती काळजी आपण थेंब वेळेवर लावण्याकडे वळवू.

शेजारच्या काकूंचं म्हणणं मला तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा जास्त घोर लावतं, कारण ते अर्धं खरं आहे. डाग जातो. पण जाताना मागे काय ठेवतो हे तो कुठे आहे आणि किती जाड झाला होता यावर ठरतं. मी नव्याने काम करू लागले तेव्हा एक आई नाकाच्या शेंड्यावर असाच डाग असलेली पाच महिन्यांची मुलगी घेऊन आली होती. मी तिला सांगितलं, थांबा, शाळेत जाईपर्यंत काही उरणार नाही. लाली खरंच गेली. पण नाकाचा शेंडा पसरट आणि लिबलिबीत राहिला, वरची कातडी सैल पडली, आणि पुढे त्या मुलीला ऑपरेशन करून घ्यावं लागलं. तेव्हा स्टेरॉइडखेरीज हाताशी फारसं काही नव्हतं. स्टेरॉइडने बाळाचं तोंड सुजायचं, वाढ मंदावायची, म्हणून थांबणंच बरं वाटायचं. तरीही 'काही उरणार नाही' हे मी बोलायला नको होतं. त्यानंतर ते वाक्य मी कोणत्याही आईला ऐकवलेलं नाही.

चित्र बदललं ते २००८मध्ये, फ्रान्समधल्या बोर्डो शहरात. तिथे तेव्हा क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ या बालत्वचारोगतज्ज्ञ काम करत होत्या. त्यांच्याकडच्या एका बाळाच्या नाकावर मोठा हिमँजिओमा होता आणि स्टेरॉइड चालू होतं. त्या स्टेरॉइडमुळे बाळाच्या हृदयाचा स्नायू जाड झाला. हृदयासाठी म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं, आणि दुसऱ्याच दिवशी डागाचा लालभडक रंग जांभळट झाला, गाठ मऊ पडली. कुणीही डागासाठी ते औषध दिलेलं नव्हतं. मग इतर बाळांना देऊन पाहिलं, तिथेही तेच झालं. २०१४ साली अमेरिकेत बाळांसाठी त्याच्या पातळ औषधाला परवानगी मिळाली. आज जगभर मोठ्या, जाड किंवा अडचणीच्या जागी असलेल्या डागांसाठी तोंडावाटे देण्याचं पहिलं औषध हेच आहे.

तुमच्या कपाटातलं टिमोलॉल हे त्याचंच भावंड. काचबिंदूत डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी अमेरिकेत ते १९७८पासून वापरात आहे, म्हणून मेडिकलवाल्याचं काही चुकलं नाही. खोक्यावर तेवढंच छापलेलं असतं. २०१०मध्ये पापणीवरच्या हिमँजिओमावर हे थेंब वरून लावल्याचा अनुभव डॉक्टरांनी प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून पातळ, वरवरच्या डागांवर ते लावलं जातं. रक्तवाहिन्या आकसतात म्हणून रंग उतरतो, आणि त्या पेशींच्या वाढीला लगाम बसतो.

यातून किती आशा धरायची तेही सांगते. २०१६मध्ये ७३१ मुलांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. बहुतेकांचा रंग उतरला, डाग लहान झाला. सगळ्यात चांगला गुण एक मिलिमीटरपेक्षा कमी उंचीच्या पातळ डागांना आला, आणि तोही महिनोन् महिने लावल्यावर. साधारण ७ टक्के मुलांना पुढे तोंडावाटे औषध द्यावं लागलं. त्रास झाला तो शंभरात तीन-चार जणांना, तोही किरकोळ. उलट बाजूही आहे. स्पेनमध्ये दोन महिन्यांच्या आतल्या बाळांवर झालेली एक चाचणी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २४ आठवड्यांनी डाग पूर्ण जाण्याच्या बाबतीत टिमोलॉल आणि औषध नसलेले थेंब यांच्यात फारसा फरक दिसला नाही. म्हणून मी याला हमखास इलाज म्हणत नाही. पण तुमच्या मुलीचा डाग आत्ता पातळ आहे, चेहऱ्यावर आहे आणि वाढीच्या दिवसांत आहे. माझी मुलगी असती तर मी थेंब लावले असते आणि डागावर नजर ठेवली असती.

मात्र बाटली उघडण्याआधी आज डॉक्टरांना फोन करा आणि बाळ किती आठवड्यांचं झालं ते सांगा. पोटातले ३५ आणि बाहेरचे ९ मिळून ४४ आठवडे होतात. हा आकडा महत्त्वाचा आहे. टिमोलॉल थोडंफार कातडीतून रक्तात उतरतं. ४४ आठवड्यांच्या आतल्या आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमध्ये नाडी मंदावण्याच्या, श्वास अडखळण्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. तुमची मुलगी त्या रेषेवर आता कुठे पोचलीय. म्हणजे हे दहा दिवस अगदीच वाया गेले असं मनाला लावून घेऊ नका. पण आता आणखी थांबू नका. सुरू करण्याआधी डॉक्टर हृदयाचे ठोके मोजतील, छाती ऐकतील. बाळाच्या हृदयाची काही तक्रार कधी निघाली असेल, घरघर होत असेल, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटला असेल, तर न विचारताही सांगा.

मग बाटलीवरचं नाव वाचा. नुसतं टिमोलॉल मॅलिएट हवं, ०.५ टक्के किंवा डॉक्टरांनी लिहिलं असेल तेवढं. काचबिंदूच्या थेंबांत जोड-औषधं पुष्कळ येतात आणि त्यांची नावं एकमेकांसारखी असतात. 'ते संपलंय, हे त्यातलंच आहे' असं म्हणून कुणी दुसरी बाटली दिली तर घेऊ नका. त्यात ब्रिमोनिडिन असेल तर ते दोन वर्षांच्या आतल्या मुलांना वर्ज्य आहे. त्याने बाळ गुंगीत जातं, श्वास मंद होतो. या एका गोष्टीबाबत मी फार कडक आहे. चिठ्ठी आणि लेबल शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवा.

लावायची पद्धत साधी आहे. बाळ पाजून शांत झालं की उताणं निजवा. तुमचे हात धुवा. एक थेंब तुमच्या बोटावर घ्या आणि डागावर पसरवा, कडेपर्यंत, त्याच्या बाहेर नको. थेट कपाळावर टाकला तर पाण्यासारखा असल्याने ओघळून डोळ्यात जाईल. दोन मिनिटं वाळू द्या, तोवर बाळाचा हात धरून ठेवा. मग पुन्हा हात धुवा. वर पट्टी, कापूस, चिकटपट्टी काही नको, कारण झाकलं की औषध जास्त आत उतरतं. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन थेंब लावायचे नाहीत. डाग मोठा दिसला म्हणून आपल्या मनाने थेंब वाढवायचे नाहीत. ०.५ टक्क्याच्या एका थेंबात साधारण पाव मिलिग्रॅम औषध असतं. साडेतीन किलोच्या जिवाला ते अगदीच थोडं नाही. बाटली उघडल्याची तारीख वर पेनाने लिहा आणि महिन्याने उरलेली टाकून द्या. थोडी उरेलच, हळहळू नका.

मालीशवाल्या बाईंचं काम ते हेच. अंग चोळताना डाव्या भुवईवरचा भाग त्यांनी सोडून द्यायचा. डाळीचं पीठ तिथे घासायचं नाही. लव जावी म्हणून पिठाच्या गोळ्याने कपाळ चोळतात, ते तर नकोच. या डागावरची कातडी पातळ असते, घासली की फाटते. पाणी नुसतं वरून सोडायचं आणि मऊ कापडाने टिपायचं. टाळू भरताना तेल कपाळावर आलं तर हरकत नाही, फक्त थेंब लावण्याआधी ते पुसून घ्या. टोपड्याची शिवण किंवा लोकरीची कड नेमकी भुवईवर बसते, ती रोज घासत राहते. सैल, सुती टोपडं घाला. तीट लावायची तर गालावर किंवा तळपायाला लावा, डागावर नको. धुरीही काही महिने बंद ठेवा. धुराने बाळाला घरघर सुरू होऊ शकते, आणि हे औषध चालू असताना घरघर वाढू शकते.

डाग फुटून रक्त आलं तर घाबरून जाल, कारण ते लाल गाठीतून येतं. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. बहुतेक वेळा थांबतं. पण कातडी फाटली, जखम झाली, की थेंब बंद. उघड्या जखमेतून औषध भराभर रक्तात जातं. डॉक्टरांना दाखवा आणि मग पुढचं ठरवा. तीन महिन्यांच्या आतच डागाचा मधला भाग पांढुरका दिसू लागला, तर तो बसायला लागला असं समजून खूश होऊ नका. इतक्या लवकर आलेला पांढुरकेपणा जखम होणार असल्याची खूण असू शकतो.

बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, पाजायला उठवलं तरी ओढत नाही, हातपाय गार आणि घामेजलेले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, ओठ निळसर, यातलं काहीही दिसलं तर थेंब थांबवा आणि त्याच तासाला दवाखाना गाठा. असं होईलच असं नाही, क्वचितच होतं. पण रात्री बाळाजवळ तुम्ही असता, म्हणून ते तुम्हाला ठाऊक हवं.

आता नजर कशी ठेवायची ते. दर रविवारी, दिवसाउजेडी, खिडकीजवळ, डागाशेजारी एक रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढा. एक समोरून, एक बाजूने, म्हणजे उंचीही दिसेल. नाणं रोज बघणाऱ्या डोळ्यांना फसू देत नाही. पहिली सुधारणा आकारात दिसत नाही, रंगात दिसते. चमकदार लाल विटकरी होतो, दाबल्यावर मऊ लागतो. त्याला काही आठवडे लागतात, आणि औषध सहसा सहा महिने तरी चालतं. पण दोन आठवड्यांत बाजूच्या फोटोत डाग जाडावलेला दिसला, किंवा पापणीकडे उतरू लागला, तर महिन्याच्या तपासणीची तारीख यायची वाट बघू नका, लगेच दाखवा. पापणी जड होऊन बुबुळ झाकलं गेलं तर त्या डोळ्याची नजर कायमची कमजोर राहू शकते.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने २०१९मध्ये यासाठी मार्गदर्शन केलंय. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या चेहऱ्यावर एक सेंटिमीटरपेक्षा मोठा हिमँजिओमा असेल तर तो तज्ज्ञाने लवकर बघावा, असं त्यात आहे. करंगळीचं नख साधारण तेवढंच भरतं. म्हणून याच आठवड्यात एकदा सोलापूरला दाखवून या. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग आणि बालरोग दोन्ही विभाग आहेत. जाण्याआधी बाळाला पूर्ण उघडं करून अंगावर असे आणखी ठिपके आहेत का ते मोजा, केसांतही बघा. पाच किंवा त्याहून जास्त भरले तर यकृताची सोनोग्राफी करायला सांगतील. ती तपासणी बिनदुखण्याची आहे. तोंडावाटे प्रोप्रॅनोलॉल द्यायचं ठरलं तर घाबरू नका, पण एक नियम पाळा. ते पोटभर पाजल्यावरच द्यायचं, आणि बाळाला उलट्या होत असतील किंवा ते पीत नसेल तर तो डोस चुकवून डॉक्टरांना विचारायचं, कारण रिकाम्या पोटी साखर उतरते.

जावेच्या मुलाला हे थेंब लावू नका. त्याचा डाग वेगळ्या जातीचा आहे. जन्मापासून आहे, जांभळट आहे, आणि माझा अंदाज आहे की तो सपाट असेल. त्याला पोर्ट-वाइन स्टेन म्हणतात. तिथे पेशी वाढत नाहीत, बारीक रक्तवाहिन्याच रुंद घडलेल्या असतात. २०१३मध्ये त्यामागचा जनुकातला एक बदलही सापडला. तो बदल गर्भात, त्या एका जागी घडतो, आईवडिलांकडून येत नाही. हा डाग आपोआप जात नाही, मुलासोबत वाढतो आणि पुढे जाड, गडद होतो. त्याला टिमोलॉल उपयोगी नाही. तिथे पल्स्ड डाय लेझर लागतो, अनेक बैठकांत, आणि लहानपणी सुरू केलेला बरा. मात्र डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीपर्यंत गेलेला असेल तर लेझरच्या आधी डोळ्यांचा दाब तपासून घ्यायला हवा, आणि कधी झटके आले होते का हे डॉक्टरांना सांगायला हवं. अशा मुलांना खरोखरच काचबिंदू होऊ शकतो, आणि कधीकधी मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्याही तशाच असतात. जाऊबाईंना हे जरा बेताने सांगा, पण सांगा.

सोलापूरला जाताना थेंबांची बाटली, चिठ्ठी, नाणं धरून काढलेले फोटो आणि बाळंतपणाचं कार्ड सोबत घ्या. आणि सासूबाईंनाही न्या. बाळ त्यांच्या मांडीवर असू दे, आणि ग्रहणाचं त्यांना विचारायचं असेल तर ते त्यांनीच डॉक्टरांना विचारू दे.